मुलाला दवाखान्यात दाखल करायचंय? काय सांगायचं, कधी आणि कुठल्या क्रमानं

"मिरजेला आत्याकडे जाऊन येऊ," असं सांगून मुलाला गाडीत बसवायचं आणि थेट दवाखान्याच्या दारात उतरवायचं, हा प्रकार आमच्या सांगली जिल्ह्यात शिराळ्यापासून जतपर्यंत सगळीकडे चालतो. हेतू चांगलाच असतो. रडारड टळावी, प्रवास नीट व्हावा. पण त्यानंतरचे चार दिवस ते मूल कुणाचंच ऐकत नाही. सिस्टर नुसतं ताप बघायला आली तरी किंचाळतं, आई बाथरूमला गेली तरी दारापाशी जाऊन बसतं. दवाखान्याची भीती त्याला असतेच. आता घरच्यांच्या शब्दावरही त्याचा भरवसा राहिलेला नसतो.

मुलांच्या वॉर्डात काम करताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. दुसरी चूक म्हणजे सगळं एकदमच सांगून टाकणं, तेही मोठ्यांच्या भाषेत. म्हणून इथं क्रम लिहितेय. टॉन्सिल, हर्निया, हाडाचं ऑपरेशन, हृदयाचं छिद्र बंद करणं किंवा भूल देऊन करायच्या तपासण्या, अशा ठरवून होणाऱ्या गोष्टींसाठी हा पूर्ण क्रम पाळा. अचानक ॲडमिट करावं लागलं तर टप्पा ४ आणि टप्पा ७ एवढंच आधी वाचा, बाकीचं वॉर्डात बसून वाचता येईल.

टप्पा १ : आधी स्वतः नीट समजून घ्या

जे आपल्यालाच कळलेलं नाही ते मुलाला सांगता येत नाही. मग आपण "काही नाही रे, काही होत नाही" एवढंच म्हणत राहतो. डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- शरीराच्या नेमक्या कुठल्या भागावर काय करणार?
- भूल पूर्ण देणार की फक्त त्या भागापुरती? मूल झोपेपर्यंत आईवडिलांपैकी कुणाला जवळ थांबता येईल का?
- जाग आल्यावर अंगावर काय काय असेल? पट्टी, सलाईन, नळी, लघवीची पिशवी?
- दुखेल कुठं, किती दिवस, आणि त्यावर काय देणार?
- रात्री मुलाजवळ कोण थांबू शकतं?

यातला तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि मुलांना सगळ्यात मोठा धक्का तिथंच बसतो. हाताला सुई चिकटपट्टीनं बांधलेली, नाकात नळी, अंगात कुणाचे तरी हिरवे कपडे. कुणी आधी सांगितलेलं नसतं.

कागदपत्रंही याच टप्प्यात उरका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर रेशन कार्ड, आधार आणि रेशन कार्डावर मुलाचं नाव आहे का, हे आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) आधीच दाखवून घ्या. दाखल व्हायच्या दिवशी वडील झेरॉक्ससाठी खालीवर पळत असतात आणि नेमकं तेव्हाच वर मुलाचं रक्त काढायचं असतं. त्या वेळी ते मुलाजवळ हवेत.

शेवटची गोष्ट, घरात सगळ्यांचं एक ठरवा. आईनं खरं सांगायचं आणि आजीनं "कुठं नाही न्यायचं माझ्या सोन्याला" म्हणायचं, असं झालं तर मूल अर्थातच आजीवर विश्वास ठेवतं.

तपासा: काय होणार आहे ते तीन वाक्यांत, आवाज न कापता सांगता येतंय का? येत नसेल तर आज सांगू नका. आधी एकट्यानं रडून घ्या, जोडीदाराशी बोला, मग मुलासमोर बसा.

टप्पा २ : मुलाच्या डोक्यात आधीच काय आहे ते काढून घ्या

बहुतेक पालक थेट सांगायला सुरुवात करतात. आधी विचारा. "तुला काय वाटतं, पोटात कशामुळं दुखत असेल?" "दवाखान्यात काय काय करतात माहितीय का तुला?" बोलत नसेल तर कागद-खडू द्या आणि दवाखान्याचं चित्र काढायला सांगा. सुई माणसाएवढी काढली तर उत्तर मिळालं.

तासगावकडची एक आठेक वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आली होती. दुखणं सहन करायची, पण कुणाशी बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या पायाला तेल लावता लावता आई तिच्याशी बोलत होती, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "मी शाळेबाहेरच्या चिंचा खाल्ल्या होत्या. तू नको म्हणली होतीस." तीन दिवस ती ते ओझं घेऊन पडून होती. चिंचेचा आणि अपेंडिक्सचा काही संबंध नाही, हे सांगायला एक मिनिट लागलं. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवं होतं.

कारण सांगितलं नाही तर मूल स्वतःच कारण जुळवतं. बिबेस आणि वॉल्श या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली हे मांडलं की आजाराबद्दलची मुलांची समज त्यांच्या विचार करण्याच्या वयाप्रमाणे बदलत जाते. आपल्याकडच्या मुलांमध्येही ते स्पष्ट दिसतं:

तीन वर्षांच्या आत : आजार वगैरे काही कळत नाही. आई दिसते की नाही, एवढंच कळतं. इथं समजावण्यापेक्षा जवळ असणं महत्त्वाचं.

तीन ते सहा : सगळ्यात नाजूक वय. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळं दुसरी झाली, असं वाटतं. भावाला मारलं आणि रात्री ताप आला, म्हणजे मारल्यामुळं ताप आला. उपचार म्हणजे शिक्षा, असंही याच वयात वाटतं. त्यात आपण वर्षभर "जेवला नाहीस तर डॉक्टरांना सुई टोचायला सांगीन" म्हणत आलेलो असतो.

सात ते अकरा : जंतू, घाण, एकमेकांपासून लागण हे कळतं, पण मग सगळेच आजार लागणारे वाटतात. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं हाड मोडलंय, तरी त्याच्याजवळ जायला घाबरतात. शरीराच्या आतलं थोडंफार समजतं, त्यामुळं प्रश्न भरपूर असतात.

बारा आणि पुढं : बरंचसं मोठ्यांसारखं समजतं. भीती वेगळी असते: कपडे काढावे लागतील का, व्रण दिसेल का, वर्गात काय म्हणतील, पाळी आली तर काय.

सावध: शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत काही निघालं असेल, तर मुलानं ते बहुधा कुणाच्या तरी तोंडून आधीच ऐकलेलं असतं. "हिच्या हृदयाला भोक आहे" हे वाक्य वर्गभर झालेलं असतं. अशा मुलाला काही ठाऊक नाही असं धरून चालू नका.

टप्पा ३ : दिवस ठरवा

फार आधी सांगितलं तर लहान मूल रोज रात्री तेच विचारत बसतं, फार उशिरा सांगितलं तर पचवायला वेळ मिळत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी, आणि पुन्हा सकाळी निघताना. चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन ते पाच दिवस आधी. सात ते अकरा वयात साधारण आठवडाभर आधी. त्यापुढच्या मुलामुलींना मात्र डॉक्टर ठरवत असतानाच सोबत बसवा, आणि थोडा वेळ त्यांना एकट्यानं डॉक्टरांशी बोलू द्या.

सांगायची वेळ दिवसाची ठेवा. झोपताना सांगू नका.

टप्पा ४ : शब्द निवडा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण मुलं शब्द शब्दशः घेतात.

"झोपवणार." आजोबा गेले तेव्हा घरात कुणीतरी "ते देवाघरी झोपले" म्हटलेलं असतं. तेच मूल आता ऐकतं की आपल्याला झोपवणार. त्यामुळं रात्रीची झोप आणि भूल यांत फरक करून सांगा: "डॉक्टर एक खास औषध देतील. त्यानं तुला काही दुखणार नाही, काही कळणार नाही. काम झालं की ते औषध बंद करतात आणि तू जागा होतोस. मी तिथंच असेन." जागं होण्याचं वाक्य कधीही गाळू नका.

"कापणार." हा शब्द चार-पाच वर्षांच्या मुलासमोर फोनवरही बोलू नका. "पोट थोडंसं उघडतात, आतलं दुखणारं नीट करतात, मग बंद करून वर पट्टी लावतात" एवढं पुरतं.

"रक्त काढायचं." लहान मुलांना वाटतं सगळंच काढतील. "थोडंसं, एक चमचाभर. अंगात भरपूर असतं आणि नवीन तयारही होतं," असं सांगा.

"किडे", "जंतू". चित्रातल्या अळीसारखं काहीतरी पोटात वळवळतंय असं वाटून मूल जेवण टाकतं. "डोळ्यांना न दिसणारे, अगदी बारीक" हे जोडा.

"भोक." हृदयाच्या बाबतीत हा शब्द टाळता आला तर बरं. त्यातून सगळं बाहेर सांडतंय, असं मुलांना वाटतं. "हृदयाच्या आत दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक जागा उघडी राहिलीय, ती डॉक्टर बंद करणार" असं सांगितलेलं मी सहा वर्षांच्या मुलांना समजलेलं पाहिलंय.

प्लास्टर काढायचं मशीन हा वेगळाच विषय. ते करवतीसारखा आवाज करतं आणि मुलाला खात्री असते की आता हात जाणार. त्या मशीनचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, म्हणून कडक प्लास्टर कापलं जातं आणि कातडी सहसा कापली जात नाही. मशीन चालू करण्याआधी हे सांगायला आणि ते लांबून दाखवायला सांगा. आवाज मोठा येईल आणि हाताला गरम, गुदगुल्या झाल्यासारखं लागेल, हेही आधीच.

आता दुखण्याबद्दल. "दुखणार नाही" म्हणू नका. "मुंगी चावल्यासारखं" हेही खोटंच आहे, आणि मुलाला ते पहिल्याच सुईला कळतं. "टोचेल. थोडा वेळ दुखेल, मग कमी होईल. रडलास तरी चालेल, हात मात्र हलवायचा नाही." यात मुलाला काय करायचं तेही कळतं.

आणि प्रत्येक वयाच्या मुलाला, त्यानं विचारलं असो वा नसो, हे एक वाक्य सांगा: "हे तुझ्या कुठल्याही वागण्यामुळं झालेलं नाही."

तपासा: दुसऱ्या दिवशी मुलालाच सांगायला लावा. "ताईला सांग बघू, मिरजेला आपण काय करायला चाललोय?" जे गाळलं किंवा उलटं सांगितलं, तेवढंच पुन्हा सांगा.

टप्पा ५ : घरी खेळून बघा

बाहुली, टेडी, नाहीतर कापडाची गुंडाळी. सुई नसलेली सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. आधी मूल डॉक्टर, बाहुली पेशंट. तुम्ही गप्प बसून बघा. बाहुलीला रागावून टोचत असेल तर टोचू द्या, तेही बोलणंच आहे. मग हातावर चिकटपट्टी लावून बघा, तोंडावर वाटी धरून मास्कचा खेळ करा. रोज दहा मिनिटं पुरेत. मुलाला कंटाळा आला की थांबायचं.

जतच्या पूर्व भागातल्या किंवा अथणीकडच्या घरात कन्नड बोलत असतील तर याच खेळात मराठी शब्दांची ओळख करून द्या. आणि दाखल होताना सिस्टरला मुलाचे शब्द लिहून द्या: दुखतं म्हणायला ते काय म्हणतं, पाणी, शू, शी. नोवु म्हणजे दुखणं, नीरु म्हणजे पाणी. एवढ्यावर रात्रपाळीचं निम्मं रडणं थांबतं.

टप्पा ६ : पिशवी आणि उपाशी ठेवणं

पिशवीत रोजची गोधडी किंवा उशीचा अभ्रा घ्या, आणि तो धुऊन आणू नका, घरचा वास राहू द्या. एक आवडतं खेळणं, पुढून उघडणारे कपडे, मोबाईलचा चार्जर. बाकी सगळं तिथं मिळतं.

उपाशी ठेवण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, तीच अंतिम. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद (तळलेलं, तेलकट असेल तर त्याहून आधी), आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी.

सावध: दुधाचा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट हे पाण्यात मोजलं जात नाही. "एवढंसं बाळ उपाशी कसं ठेवायचं" म्हणून कुणीतरी मागच्या दारानं भरवतं आणि ऑपरेशन पुढं ढकललं जातं. त्याहून वाईट म्हणजे भूल दिल्यावर उलटी होऊन ते अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. चुकून काही दिलं गेलं असेल तर लपवू नका, सांगून टाका. मुलालाही सांगा की उपाशी का ठेवलंय, नाहीतर तेही शिक्षेच्याच खात्यात जमा होतं. आणि त्याच्यासमोर डबा उघडू नका.

टप्पा ७ : सुईची वेळ

वॉर्डात सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. चौघं मिळून मुलाला खाटेवर आडवं दाबतात, एक पाय धरतो, एक डोकं. मुलाच्या दृष्टीनं त्यात आपलीच माणसं सामील झालेली असतात. हा क्रम ठेवा:

१. तासभर आधी विचारा, "सुन्न करणारं मलम लावता येईल का?" ते लावल्यावर परिणाम व्हायला साधारण एक तास लागतो, म्हणून सुई आणल्यावर विचारून उपयोग नाही. स्वतःच्या मनानं विकत आणून लावू नका.

२. मुलाला मांडीवर घ्या. छातीला छाती लावून, किंवा पाठ तुमच्या छातीला टेकवून. एक हात मिठीत, टोचायचा हात बाजूला लांब. असं धरलं तर हात पक्का राहतो आणि मुलाला दाबल्यासारखं वाटत नाही. सिस्टरला आधी विचारून घ्या: "मी मांडीवर घेऊन बसते, चालेल ना?" बहुतेक वेळा चालतं.

३. खऱ्याच निवडी द्या. कुठला हात? बघणार की तिकडं तोंड करणार? "टोचू का?" असं मात्र विचारू नका. त्यानं नाही म्हटलं तर तुम्ही काय करणार?

४. टोचताना फुंकर. भिंगरी असेल तर उत्तम, नसेल तर तुमच्या तळहातावर. मोठ्या मुलाला टोचण्याच्या क्षणी खोकायला सांगा. तान्ह्याला टोचताना अंगावर पाजा. लसीकरणाच्या वेळी असं पाजण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. उपाशी ठेवलेलं असेल तर अर्थातच नाही.

५. एकच जण बोलेल. आई, मावशी, शेजारची बाई सगळ्याच "झालं झालं" ओरडत असतील तर मूल आणखी बिथरतं. आणि "झालं" हे खरंच झाल्यावरच म्हणा.

६. नंतर ते जे करू शकलं तेवढंच बोला: "हात हलवला नाहीस." "शहाणी मुलं रडत नाहीत" हे वाक्य घरीच ठेवून या.

टप्पा ८ : थिएटरचं दार, आणि भूल उतरताना

दारापर्यंत जाणार एकच माणूस, जो सगळ्यात शांत राहू शकतो तो. ती आईच असायला हवी असं नाही. दारात लांबलचक निरोप घेऊ नका. एक मिठी, एक वाक्य: "जागा झालास की मी दिसेन." हे वाक्य पाळता येणार आहे का, ते आधी स्टाफला विचारून ठेवा. रिकव्हरीमध्ये (भूल उतरेपर्यंत ठेवतात त्या खोलीत) लगेच सोडत नसतील तर "वॉर्डात आलास की" असं म्हणा.

भूल उतरताना, विशेषतः दोन ते पाच वर्षांची मुलं, कधीकधी जोरात रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो. बहुतेकांचं ते अर्ध्या तासाच्या आत निवळतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. सिस्टरला सांगा, मुलाला पडू देऊ नका, हळू आवाजात तेच तेच बोलत राहा. हलवून हलवून जागं करू नका.

टप्पा ९ : वॉर्डातले दिवस

रोजचा थोडा क्रम ठेवा. दात घासणं, गोष्ट, ठरावीक वेळी दिवा बंद. खाली चहाला जायचं असेल तर सांगून जा, मूल झोपलंय म्हणून गुपचूप सटकू नका. "पाच मिनिटात येते" म्हणजे पाच मिनिटात या.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल. गावाकडून जीप भरून माणसं येतात ती मायेपोटीच, हे मला माहीत आहे. पण खाटेभोवती उभं राहून "किती वाळलंय गं", "आमच्या पाव्हण्यांच्या पोराचं असंच झालं, वाचलं नाही" हे मुलाच्या डोक्यावरून बोललं जातं, आणि त्यातलं अक्षरन् अक्षर ते ऐकतं. डोळे मिटलेले असले तरी. डॉक्टरांशी बोलणंही खाटेजवळ नको, दाराबाहेर. येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगा: दोघं-दोघं या, थोडा वेळ बसा, आजाराबद्दल विचारू नका, शाळा-शेरडं-क्रिकेट काहीही बोला. वाईट कुणाला वाटलंच तर नंतर समजूत काढता येते.

घरी राहिलेल्या भावंडालाही खरं सांगा. त्याच्याही डोक्यात "मी ढकललं होतं म्हणून" असं काहीतरी असू शकतं.

टप्पा १० : घरी आल्यावर

आता संपलं असं आपल्याला वाटतं, आणि नेमकी तेव्हाच मुलाची भीती बाहेर येते. अंथरुणात शू, रात्री दचकून उठणं, आईचा पदर न सोडणं, बोबडं बोलणं, जेवणावरून हट्ट. ओरडू नका, आणि चारचौघांत चिडवूही नका. बहुतेक मुलांचं हे काही आठवड्यांत निवळतं. दवाखाना-दवाखाना खेळायला लागलं तर खेळू द्या, दहादा तीच बाहुली ॲडमिट झाली तरी. आठवडाभर लाड चालतील, पण शाळा आणि झोपेच्या वेळा लवकर पूर्वपदावर आणा. शाळेत बाईंना आधी भेटून सांगा की काय करायचं नाही (धावणं, दप्तर उचलणं) आणि वर्गासमोर काय विचारायचं नाही.

महिना उलटला तरी झोप लागत नसेल, खेळणं बंद असेल, शाळेचं नाव काढलं की पोट दुखत असेल, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा आणि रात्रीही.

फॉलो-अपला जातानाही टप्पा ३ आणि ४ पुन्हा लागू. टाके काढायचे असतील तर "नुसतं दाखवून येऊ" म्हणू नका.